जेवणाच्या टेबलावर अडवलेलं विमान

"माणसाने आकाश जिंकलं ते पंखांच्या जोरावर नाही, बारकाव्यांच्या जोरावर जिंकलं!" घड्याळजींनी जाहीर केलं. हे जाहीर करताना त्यांच्या तोंडून जी फुंकर सुटली, तिने चिमट्याच्या टोकावरचं पितळी बकल उडवून दिलं.

बकल वैमानिकाच्या पट्ट्याचं होतं, आकाराने मुंगीच्या डोक्याएवढं. त्याचं उड्डाण फार तर हातभर झालं असेल, पण ते उतरलं कुठे हे कोणालाच सांगता येईना. पुढचा पाऊण तास घड्याळजी आणि त्यांची बायको जेवणाच्या टेबलाखाली रांगत होते. दोघांच्या वयाची बेरीज एकशे एकोणचाळीस.

"जिंकलं का आकाश?" बायकोने टेबलाखालूनच विचारलं.

"हलू नकोस. पायाखाली येईल."

"न हलता बाहेर कशी येऊ? की जेवणाचं ताट इथेच आणून देताय?"

ती शाळेत उपमुख्याध्यापिका होती. वर्गात टाचणी पडली तर ती कोणाच्या खिशातली, हे तिला फळ्याकडे तोंड करूनही सांगता येई. पण टाचणी पडताना वाजते. बकल वाजलं नाही. ते दोन दिवसांनी सापडलं, तिच्याच चपलेच्या तळव्याला चिकटलेलं. वैमानिकाचं बकल दोन दिवस स्वयंपाकघरात, बाल्कनीत आणि एकदा शेजारणीकडेही जाऊन आलं होतं. घड्याळजींनी ते धुऊन, वाळवून, तोंडाला फडकं बांधून जागेवर बसवलं. त्या दिवसापासून काम करताना त्यांनी भाषण करणं सोडलं. बायकोच्या मते, विमानाने घराला दिलेला एवढाच फायदा.

घड्याळजींनी एकेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. दुकान विकलं तेव्हा गिऱ्हाइकांनी डोळे पुसले, आणि बायकोने कपाट रिकामं केलं, कारण भिंगं, चिमटे, सुया, हातोड्या सगळं घरी आलं. इतकी हत्यारं घरात असूनही स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं घड्याळ महिनाभर चारला दहा कमी दाखवत उभं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तसं घड्याळजींच्या घरी सदैव दुपार.

"ते तेवढं बघा की," बायको म्हणे.

"बघतो. विमान हातावेगळं होऊ दे."

विमान म्हणजे एकास बत्तीस प्रमाणाचं प्लॅस्टिकचं किट. खऱ्या विमानाचे बत्तीस सेंटिमीटर म्हणजे याचा एक. एकोणीस प्रवासी बसतील असं, दोन पंख्यांचं, तीन चाकांवर उभं राहणारं. नाकापासून शेपटीपर्यंत अर्धा मीटर, आणि पंख त्याहून लांब. त्यामुळे जेवणाचं टेबल दोन महिने विमानाचं झालं होतं, आणि माणसं मांडीवर ताटं घेऊन जेवत होती.

हेच विमान का, हे घड्याळजींनी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांची मुलगी चिंगी विमानांच्या देखभालीची इंजिनिअर होती. तिला लहानपणी दुकानात स्टुलावर बसवून त्यांनी भिंगातून बघायला शिकवलं. आपल्यामागे दुकान तीच बघणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. सतराव्या वर्षी ती म्हणाली, "बाबा, मला मोठं काहीतरी उघडायचंय."

"मोठं म्हणजे काय? कपाट?" घड्याळजी म्हणाले, आणि त्यानंतर दोन वर्षं फुगून बसले.

आता दोन महिन्यांपूर्वी तिला सहीचा अधिकार मिळाला होता. रोज सकाळी ती ज्या विमानाभोवती फिरे, ते तिने कागदावर सही केल्याखेरीज जागचं हलत नसे. वैमानिक असो, प्रवासी असोत, घाईत असलेला कोणी बडा साहेब असो, सगळे तिच्या पेनाकडे बघत बसत. हे कळलं तेव्हा घड्याळजींनी "अरे वा" एवढंच म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन किट आणलं. तिचं ते मोठं विमान त्यांना आपल्या भिंगाखाली बसेल एवढं करायचं होतं. आणि ते पूर्ण झालं की तिने त्यावरही सही करावी, अशी इच्छा होती. मागायची मात्र नव्हती. मागून मिळालेली सही काय, कुरियरवाल्यालाही मिळते.

आता किट डब्यात मिळतं, पण खरा धंदा पुड्यांचा असतो. डब्यातले भाग म्हणजे कामचलाऊ. ज्याला विमान खऱ्यासारखं हवं, त्याच्यासाठी वेगळे कारखाने वेगळे सुटे भाग काढतात: पितळी पत्र्यातून कोरलेले पट्टे, धातूचे पाय, रेझिनच्या कडक राळेत ओतलेलं इंजिन, चाकं. प्रत्येक भाग छोट्या पारदर्शक पुडीत. शहरात हे विकणारं एकच दुकान होतं आणि त्याच्या मालकाला सगळे पुडीवाला म्हणत.

"आधी घ्यायचं काय?" घड्याळजींनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"सगळं," पुडीवाला म्हणाला. सल्ला द्यायला त्याला कधी वेळ लागत नसे.

पण घड्याळजी सगळं घेणाऱ्यातले नव्हते. घड्याळात शोभेचा भाग नसतो. जो आहे तो काही ना काही करतो, आणि करत नसेल तर तो मागच्या दुरुस्तीवाल्याने विसरलेला असतो. म्हणून ते प्रत्येक पुडी उजेडात धरून तिला मनातल्या मनात विचारत: तू काय करतेस? धातूचे पाय म्हणाले, आम्ही भार उचलतो. प्लॅस्टिकचे वर्षभरात वाकतील. घेतले. नाकापुढची हवेचा वेग मोजणारी नळी म्हणाली, डब्यातली माझी बहीण काडेपेटीतल्या काडीएवढी जाड आहे. बदलली. एका पुडीत वैमानिकांसाठी चहाचे दोन पेले होते.

"खास आहेत," पुडीवाला म्हणाला. "आतून पोकळ."

"चहासकट असते तर घेतले असते."

वैमानिकांच्या खोलीवर मात्र वाद झाला. रेझिनची अख्खी खोली, एकसष्ट तुकड्यांची. पट्टे, खटके, घड्याळासारख्या तबकड्या. घड्याळजींचा हात तिच्याकडे गेला आणि मागून आवाज आला, "ती घेऊन काय करणार? विमान बंद केलं की आतलं कोण बघतंय? एक देव आणि दुसरं झुरळ!"

हे कर्नल. ते सैन्यात कधीच नव्हते, त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं. मिशा तेवढ्या सैन्यातल्या. विमानं बनवणाऱ्यांच्या रविवारच्या मंडळाचे ते अध्यक्ष होते आणि प्रदर्शनातला चषक सलग पाच वर्षं त्यांच्याच घरी मुक्कामाला होता.

"पुढचा बघेल," घड्याळजी म्हणाले.

"कोण पुढचा?"

हे इस्त्रीवाल्याला समजावण्यात अर्थ नव्हता. घड्याळ दुरुस्त केलं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण ओरखडायची, ही त्यांच्या धंद्याची जुनी चाल. घड्याळजींची खूण म्हणजे आडवी रेघ आणि तिच्यावर टिंब. गिऱ्हाइकाला ती जन्मात दिसत नाही. दिसते ती पुढे कधीतरी झाकण उघडणाऱ्या दुसऱ्या घड्याळजीला, आणि त्याला कळतं की आपल्याआधी इथे कोण येऊन गेलं आणि त्याने काम कसं केलं. चिंगी आठ वर्षांची असताना भिंग लावून या खुणा वाचत बसे. "बाबा, याच्यात चार जण आहेत!"

खोली घेतली.

ती घरी आणल्यावर बायकोने पुड्यांचा ढीग पाहिला, किटचा डबा पाहिला आणि एवढंच म्हणाली, "चार आण्याची कोंबडी..."

"बारा आण्याचा मसाला, माहितीये."

"नाही, मी म्हणत होते कोंबडी टेबलावरून कधी उठणार?"

इंजिनाच्या वेळी वेगळीच पंचाईत झाली. डाव्या इंजिनाचं झाकण उघडं ठेवून आतलं सगळं दाखवायचं ठरलं, पण आतल्या नळ्या कोणत्या रंगाच्या हे पुडीवरच्या कागदात नव्हतं. चिंगीच्या विमानाच्या हँगरमध्ये फोटो काढायला बंदी. तेव्हा घड्याळजी जेवताना तिला आडून आडून विचारू लागले.

"काय गं, तिकडे कामावर... नळ्याबिळ्या असतात का?"

"असतात की."

"बऱ्या असतात ना?"

"बाबा, नळ्या बऱ्या म्हणजे?"

"म्हणजे रंगाने वगैरे."

चिंगीने घास तसाच हातात धरला. "आई, हे कोणासाठी हेरगिरी करतायत का?"

"करत असतील तर त्या लोकांचं काही खरं नाही," आई म्हणाली.

महिनाभरात घड्याळजींनी नळ्यांचे रंग, झाकणाच्या आतला करडा थर आणि डाव्या पंखाखालच्या एका ठिगळाची जागा काढून घेतली. चिंगी टेबलावर फडक्याखाली झाकलेलं विमान रोज पाहत होती. पण बाबा दर वर्षी काहीतरी झाकून ठेवतातच, म्हणून तिने विचारलं नाही.

राहिली चाकं. इथे घड्याळजी घसरले.

डब्यातली चाकं गोल होती. पुडीतली रेझिनची चाकं खालून बसकी आणि बाजूंना फुगलेली होती, विमानाच्या वजनाने टायर दबावा तशी. कर्नलांच्या सगळ्या विमानांना तसलीच होती.

"गोल टायर म्हणजे खेळणं," कर्नल पुडीवाल्याच्या गल्ल्याला टेकून म्हणाले. "खरं विमान जड असतं, घड्याळजी! मनगटावर बांधत नाहीत ते. पण असू दे, तुम्ही आपली गोल लावा. नातवंडांना आवडतील."

घड्याळजींना नातवंडं नव्हती, म्हणून हे जास्त लागलं. पुडीवाल्याने तीन पुड्या मांडल्या: थोडं बसकं, बरंच बसकं आणि सगळ्यात बसकं. घड्याळजींनी पुडीला तिचं काम विचारलंच नाही. त्यांनी सगळ्यात बसकी चाकं उचलली, केवळ कर्नलांच्या चाकांहून ती जास्त बसकी होती म्हणून. एकेचाळीस वर्षांत हा पहिलाच भाग त्यांनी दुसऱ्याच्या नाकावर टिच्चून घेतला.

डब्यातली गोल चाकं त्यांनी टाकली मात्र नाहीत. घड्याळजी काही टाकत नाहीत. ती 'निकामी' लिहिलेल्या पत्र्याच्या डबीत गेली. आणि नवी त्यांनी डिंकाने चिकटवली नाहीत, केसाएवढ्या स्क्रूने बसवली. चिकटवलेली वस्तू म्हणजे पुढच्या दुरुस्तीवाल्याच्या तोंडावर आपटलेलं दार, असं ते मानत.

प्रदर्शन रविवारी. शनिवारी संध्याकाळी चिंगी कामावरून आली तेव्हा टेबलावरचे दिवे लावलेले होते, आई मुद्दाम स्वयंपाकघराबाहेर उभी होती आणि बाबांनी ठेवणीतला शर्ट घातला होता.

"कोण येणारे?" चिंगीने विचारलं.

घड्याळजींनी फडकं ओढलं.

शेपटीवर तिच्या विमानाची अक्षरं होती. दारावरचा फिक्कट पट्टा, डाव्या पंखाखालचं ठिगळ, उघड्या इंजिनातल्या नळ्या, सगळं तिचं होतं. चिंगीने पाठीवरची पिशवी हळूच खाली ठेवली. मग खिशातून लहान टॉर्च काढला, आणि तिचा चेहरा बदलला. तो चेहरा घड्याळजींनी कधी पाहिला नव्हता. तो कामावरचा होता.

ती विमानाच्या दारापासून निघाली आणि टेबलाभोवती फिरू लागली. नळीवर बोट फिरवलं. पंख्याचं एकेक पातं उजेडात पाहिलं. खिडकीतून टॉर्च मारून आत डोळा लावला आणि तिथे बराच वेळ थांबली.

"पट्ट्याला बकल आहे," ती म्हणाली.

"आहे," आई म्हणाली. "मी चालवून पाहिलंय."

इंजिनापाशी ती किंचित हसली. मग ती टेबलाच्या कडेला उकिडवी बसली आणि चाकांकडे पाहत राहिली. पाहतच राहिली.

"बाबा, हवा कमी आहे."

"काय?"

"टायरमध्ये. तिन्ही. दबतो टायर, पण एवढा नाही. हा तर जवळजवळ बसलाय. धावपट्टीवर गेलं तर फाटेल."

"अगं, रेझिनचे आहेत ते! खास मागवलेत!"

"कसलेही असोत. असं विमान मला सोडता येणार नाही."

"चिंगे, हे एकास बत्तीस आहे!"

"नियम एकास एक आहेत, बाबा."

आईने मध्ये पडून पाहिलं. "अगं, बापाने दोन महिने डोळे फोडलेत. एक सही केलीस तर काय बिघडेल?"

"आई, उद्या आपले पाहुणे बसलेलं खरं विमान असलं तरी तू असंच म्हणशील."

तिने पिशवीतून लाल कार्ड काढलं, त्याचा बोटाएवढा तुकडा कापला, त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं: उड्डाणास मनाई. तिन्ही टायर बदला. खाली सही, तारीख, परवान्याचा क्रमांक. मग आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन कार्ड पुढच्या चाकाला बांधलं. गाठही कामावरची होती.

"सॉरी हं, बाबा," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली. जाताना तिने डोळे पुसले. नळाखाली पुसता आले असते, पण तिला तेवढा धीर धरवला नाही.

घड्याळजी कार्डाकडे बघत उभे राहिले. बायकोला वाटलं, आता पुन्हा दोन वर्षं फुगणार. ती जवळ गेली तर ते पुटपुटत होते, "बापाचंसुद्धा अडवलं. बापाचंसुद्धा!" आणि तोंडभर हसत होते.

चाकं बदलायला दहा मिनिटं पुरली असती. डबी हाताशी होती, स्क्रू सैल करायचा होता. पण चाकं बदलली की कार्ड काढावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या सभागृहात विमान लाल कार्डासकट मांडलं गेलं. कर्नल मिशा चोळत आले.

"हे काय? बक्षिसाची चिठ्ठी घरूनच लावून आणलीत?"

"बक्षीस नाही. मनाई आहे."

"कसली?"

"उड्डाणाला."

"कोणी केली?"

या प्रश्नासाठी घड्याळजी सकाळपासून खुर्चीवर ताठ बसून होते. "माझ्या मुलीने," ते म्हणाले. "वाचा सही. त्या सहीशिवाय हे विमान, म्हणजे खरं, जागचं हलत नाही."

कर्नलांनी चष्मा लावून कार्ड वाचलं. मग मान वळवून शेजारच्या टेबलावरच्या आपल्या आठ विमानांकडे पाहिलं. आठही गुडघे टेकल्यासारखी बसली होती. एकदा नजर गेली की परत येईना. हळूहळू बातमी सभागृहभर पसरली आणि लोक आपापल्या टेबलाशी वाकून चाकं पाहू लागले. निम्मं हवाई दल जमिनीवर आलं.

दुपारी चिंगी बाबांचा विसरलेला चष्मा द्यायला आली. ती दारात दिसताच मंडळी निकालाच्या दिवशीच्या पालकांसारखी आपल्या विमानांशेजारी उभी राहिली.

"काय गं बाई," कर्नल जरा मऊ आवाजात म्हणाले, "आमच्या या विमानांचं काय?"

"काका, माझा परवाना त्या एकाच जातीच्या विमानाचा आहे. तुमच्या विमानांवर मला अधिकार नाही."

कर्नलांनी सुटकेचा श्वास टाकला. "पण समजा, नुसतं बघून?"

"नुसतं बघून?" चिंगीने आठही विमानांवरून नजर फिरवली. "काका, घरी पंप आहे का?"

चषक कर्नलांनाच मिळाला. घड्याळजींचं विमान परीक्षकांनी 'दुरुस्ती बाकी' म्हणून बाजूला काढलं होतं. कर्नल चषक घेऊन फोटोला उभे राहिले, पण आपल्या टेबलाकडे पाठ करून. घड्याळजी प्रत्येक येणाऱ्याला कार्ड वाचून दाखवत होते आणि सही कोणाची हे कोणी विचारलं नाही तर स्वतःच विचारून घेत होते.

सोमवारी चिंगीला सुट्टी होती. सकाळी घड्याळजींनी पत्र्याची डबी उघडली, 'निकामी'तून गोल चाकं काढली, कानशीने खालून नखभर घासली आणि बसवली. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "तपासा."

ती पुन्हा दारापासून निघाली. पूर्ण फेरी मारली, एकही जागा न वगळता. चाकांपाशी उकिडवी बसली, उठली आणि दोरा कापून लाल कार्ड खिशात टाकलं.

"ते मला दे," घड्याळजी म्हणाले.

"नोंदीत ठेवावं लागतं." मग त्यांचा चेहरा पाहून तिने ते परत काढून दिलं.

तिने डाव्या इंजिनाचं झाकण अलगद उचलून उलटं केलं. आतल्या करड्या थरावर एक ओरखडा होता: आडवी रेघ, वर टिंब. ती खूण तिने भिंग न लावताच ओळखली. "बाबा, सुई."

घड्याळजींनी सुई दिली. तिने भिंग डोळ्याला लावलं, श्वास धरला आणि त्या खुणेशेजारी आपली सही कोरली. तारीखही. झाकण मिटून जागेवर बसलं तेव्हा बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

"सोडलं," ती म्हणाली.

घड्याळजींना बोलायचं होतं. आकाश, माणूस, बारकावे, सगळं ओठांवर आलं होतं. ते उठून उभे राहिले, शर्ट नीट केला, तोंड उघडलं.

"विमान सुटलं ना?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. "मग आता त्या घड्याळात सेल तेवढा घाला."